धाकटीचा आठवा दिवस

काटेवाल्यांच्या दुकानाचं दार ढकललं की तीन गोष्टी होतात. दाराची स्प्रिंग कण्हते. छताला टांगलेला मोठा तराजू उगाचच एका बाजूला झुकतो. आणि आतल्या भिंतीवर, जिथे दुकान संपून घर सुरू होतं तिथे, खिळ्याला लावलेली एक पिवळी चिठ्ठी अर्धी वळते आणि पुन्हा जागेवर येते. पहिल्या दोन गोष्टींबद्दल काटेवाले गिऱ्हाइकाची माफी मागतात. तिसरीबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत. बोलता बोलता फक्त थांबतात. चिठ्ठी हलायची थांबली की वाक्य जिथे सोडलेलं असतं तिथूनच उचलतात. नवख्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला दम लागला असेल. आम्ही शेजारी मात्र तेवढा वेळ आपल्या चपलांकडे बघत उभे राहतो. गेली एकोणतीस वर्षं हे असंच चाललंय.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. दुकानदारांचे, सोनारांचे, औषधवाल्यांचे, स्वयंपाकघरातले, सगळे. आता बॅटरीवरचे काटे आल्यापासून काम निम्मं झालंय. त्यांचा कडकपणा मात्र दुप्पट झालाय. हा माणूस पितळी वजनाला बोट लावत नाही. एकदा मी सहज एक वजन उचललं, तर मी एखाद्या तान्ह्या बाळाला पायाला धरून उचललं असावं तसे ओरडले, "चिमट्यानं! बोटाला घाम असतो, घामाला वजन असतं!" तेव्हापासून मी त्यांच्या दुकानात दोन्ही हात खिशात घालून वावरतो. परक्याला मी संशयित चोर वाटतो, पण त्याला इलाज नाही.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं: काटा थांबू दे, मग वाच. पारड्यात काही टाकलं की काटा आधी नाचतो, इकडे जातो, तिकडे जातो. नाचत्या काट्यावर आकडा वाचणारा माणूस गाढव. हे त्यांनी शिकाऊ कारागिरांना सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, लग्न ठरवायला आलेल्या मंडळींनाही सांगितलं. त्यातलं एक लग्न त्यामुळे मोडलं, आणि ते दोघंही आज सुखात आहेत म्हणे.

त्यांच्या दोन मुली लहान होत्या, मोठी दहा वर्षांची आणि धाकटी सात, तेव्हा हेच तत्त्वज्ञान त्यांनी घरात लागू केलं. पोरींना पैशाचं वळण लागावं, दुकानात बघितली वस्तू की पसरलं भोकाड असं होऊ नये, म्हणून. दर रविवारी प्रत्येकीला खाऊचे पैसे, प्रत्येकीचा बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. काही घ्यावंसं वाटलं तर ते कागदावर लिहायचं, पुढे किंमत लिहायची, कागदाची घडी घालायची आणि खिळ्यावर लावायचा. दुसऱ्या कुणी ती चिठ्ठी उघडायची नाही. आपणही आठव्या दिवसापर्यंत उघडायची नाही, कुणाला सांगायचंही नाही. आठव्या दिवशी आपली आपण उघडायची आणि स्वतःला विचारायचं, अजून हवंय? नको असेल तर फाडून टाकायची. हवं असेल तर बाबांनी त्याच दिवशी, कुरकुर न करता, डब्यातल्या पैशांनी ती वस्तू आणून द्यायची.

शेवटचं कलम ते स्वतःही कडक पाळायचे. मोठीची एक चिठ्ठी आठव्या दिवशी उघडली तेव्हा काटेवाले तापानं फणफणले होते. तरी अंगावर शाल घेऊन, भिंतीला धरत धरत गेले आणि शिट्टी घेऊन आले. पुढचे तीन महिने त्या नियमाची गोड फळं आम्ही सगळ्यांनी कानांनी चाखली. मोठी ती शिट्टी कुणाला हात लावू द्यायची नाही. धाकटी मागे मागे फिरायची, "एकदाच, ताई, एकदाच फुंकते," आणि ताई म्हणायची, "तुझी चिठ्ठी लाव की!" काटेवाल्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंनाही, नियमातून सूट नव्हती. त्यांनी एकदा प्रेशर कुकरची चिठ्ठी लावली होती. आठव्या दिवशी उघडून म्हणाल्या, "आता दोन हवेत." त्यानंतर काकूंच्या चिठ्ठ्या बंद झाल्या.

तर एका मंगळवारी धाकटीनं चिठ्ठी लावली. स्टूल ओढत आणल्याचा आवाज काटेवाल्यांना अजून ऐकू येतो. ते एका सोनाराच्या काट्यावर काम करत होते. हे काम श्वास रोखून करायचं असतं, कारण फुंकरीनंही काटा हलतो. धाकटी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बाबा, सांगू का आत्ताच?"

"आठव्या दिवशी."

"पण मला विचारायचंय."

"आठव्या दिवशी विचार. काटा थांबू दे."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग गेली. शुक्रवारी तिला ताप आला, रविवारी तिला दवाखान्यात नेलं. आठवा दिवस मंगळवारी होता. सोमवारी दुपारी धाकटी गेली.

मंगळवारी ती चिठ्ठी कुणी उघडली नाही. ज्याची त्यानेच उघडायची असा नियम होता, आणि त्या घरात नियम म्हणजे नियम. बुधवारीही उघडली नाही. मग उघडणं दर दिवसाला थोडं थोडं अवघड होत गेलं.

एकदा घर रंगवायला काढलं, तेव्हा रंगाऱ्यानं खिळा उपटायला पक्कड लावली. काटेवाले म्हणाले, "त्याच्या भोवतीनं रंगव." म्हणून आज त्या पांढऱ्या भिंतीवर तळहाताएवढा एक जुना हिरवा ठिपका आहे, त्याच्या मधोमध खिळा आणि खिळ्यावर ती. धाकटीचा डबाही आतल्या कपाटावर तसाच आहे. रस्त्यावरून बस गेली की घर जरासं थरथरतं आणि डब्यातली नाणी वाजतात. फार नाही, कुणीतरी डबा कानाशी धरून किती जमले ते हलवून बघावं, एवढीच. तेवढा वेळ काकूंची पोळपाटावरची पोळीसुद्धा फिरायची थांबते. आमच्या रस्त्यावरून दर वीस मिनिटांनी बस जाते.

पण सगळ्यात वाईट होतं ते दुकानांचं. एकदा मी त्यांच्याबरोबर बाजारात गेलो होतो. वह्या-पेन्सिलींच्या एका दुकानापुढे ते थबकले. काचेआड रंगपेट्या, खोडरबर, एक लाकडी घोडा, एक छोटी छत्री. त्यांचे ओठ हलत होते. मी म्हटलं, "काय हवंय तुम्हाला?" ते म्हणाले, "मला नाही." पुढच्या दुकानापुढेही तेच. मग माझ्या ध्यानात आलं. हा माणूस प्रत्येक वस्तूला विचारत होता, तूच का ती? फुग्याला, बाहुलीला, चपलांना. पोरीनं काय मागितलं ते माहीत नाही, म्हणजे तिनं काहीही मागितलेलं असू शकतं. म्हणजे जगातल्या प्रत्येक दुकानात, प्रत्येक फळीवर, ती बसलेली.

अशा माणसाच्या ताब्यात नात दिली तर काय होईल? तेच झालं.

नात म्हणजे मोठीची मुलगी. वय सहा. नाव काहीतरी छान आहे, पण सगळे तिला भिंगरी म्हणतात, आणि तिला एकदा पाहिलं की कारण विचारावं लागत नाही. मोठी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, तेव्हा शाळा सुटल्यापासून सहा वाजेपर्यंत भिंगरी आजोबांकडे. ही चार तासांची दुपार म्हणजे काटेवाल्यांचं आयुष्य. सकाळचा वेळ ते केवळ दुपार यावी म्हणून काढतात. दोन वाजले की दुकानातलं गिऱ्हाईक त्यांना नकोसं होतं. भिंगरी आल्यावर बस गेली तरी डबा ऐकू येत नाही, कारण भिंगरीच्या आवाजापुढे बसच ऐकू येत नाही.

आणि भिंगरीनं नुसतं "आजोबा, सांगू का..." म्हटलं की यांच्या हातातला पेचकस खाली. पुढचं ऐकायलाही थांबत नाहीत. तिला कडेवर घेऊन थेट बाजारात, आणि ती बोट दाखवेल ते. वर्षभरात तिच्याकडे काय काय जमलं त्याची यादी मोठीनं एका मंगळवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर वाचून दाखवली. मी तिथे चहाला होतो. उठून जावं की काय, असं वाटत होतं. पण चहा गरम होता.

"बाबा, ही सहा वर्षांची आहे आणि हिच्याकडे चार टॉर्च आहेत. आपल्या अख्ख्या घरात एक टॉर्च होता, त्यातही सेल नव्हते."

"अंधार झाला तर..."

"चार ठिकाणी एकदम होणार आहे का?"

"बेल विसरलीस," काकू आतून म्हणाल्या. "दाराची बेल घेतलीय तिला. दार घ्यायचं राहिलंय, ते पुढच्या आठवड्यात घेतील."

"आई, हसू नकोस. काल हिनं नवी कंपासपेटी गॅलरीतून खाली टाकली. का, तर हवेत उघडते का बघायचं होतं. मी रागावले तर म्हणते, 'आजोबा दुसरी आणतील.' मी म्हटलं, आता थांबावं लागेल. तर म्हणते, 'तू थांब म्हणतेस, आजोबा नाही म्हणत. आजोबाच माझी आई.'"

काटेवाल्यांना यातलं शेवटचं वाक्य आवडलं हे स्पष्ट दिसत होतं. त्यांनी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला, पण तो एका बाजूला झुकलाच.

मोठीचा आवाज खाली आला. "बाबा, मला तुम्ही जे शिकवलंत ना, त्यावर मी उभी आहे. पहिला पगार झाला तेव्हा मी आधी चिठ्ठी लिहिली. अजून लिहिते. माझ्या कपाटाच्या दारात आतून खिळा आहे. तेच हिला शिकवा. दुसरं काही मागत नाही मी."

"शिकवीन की. दुसरा खिळा ठोकतो."

"सहा महिने तेच म्हणताय. हातोडी मिळत नाही? अकरा हातोड्या आहेत तुमच्याकडे!"

बाहेरून बस गेली. कपाटावरचा डबा वाजला. मोठी तो वाजून होईपर्यंत थांबली. थांबायलाही ती याच घरात शिकली होती.

"आठ दिवस देते," ती म्हणाली. "तुमचंच माप. आज मंगळवार. पुढच्या मंगळवारपर्यंत हिला एकदा तरी 'थांब' म्हणून दाखवा. नाहीतर बुधवारपासून ती शाळेमागच्या पाळणाघरात जाईल. मला हौस नाही, बाबा. पण तुमच्याजवळ ठेवून मी तिचं नुकसान करतेय."

ती गेल्यावर काटेवाले बराच वेळ रिकाम्या पारड्याकडे बघत बसले.

ते आठ दिवस त्यांनी प्रामाणिकपणे धडपड केली हे मी शपथेवर सांगेन. बुधवारी त्यांनी मनाशी घोकून ठेवलं, आणि मगरीच्या आकाराची लिंबूपिळणी घरात आली. गुरुवारी त्यांनी मला पढवलं की भिंगरीनं काही मागितलं तर तुम्ही 'थांब' म्हणायचं. मी म्हटलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच तिला लाल फुगा आणून दिला. शनिवारी "सांगू का" ऐकताच काटेवाल्यांनी दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं. तोंडातून "थां" एवढं निघालं, आणि काकू सांगतात, त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की भिंगरीच घाबरून म्हणाली, "राहू दे आजोबा, मला नको." आणि ते रडत रडत तिच्यासाठी पाचवा टॉर्च घेऊन आले.

आठव्या दिवशी, मंगळवारी, चारच्या सुमाराला मी माझा स्वयंपाकघरातला काटा घेऊन गेलो. त्या काट्याला विचित्र रोग झाला होता. वर काही नसताना तो चाळीस ग्रॅम दाखवायचा. दुकानात कमालीची शांतता होती. काटेवाले हातात काही न घेता बसले होते. काकू आतल्या उंबरठ्यावर मुळा किसत होत्या आणि किसणीपेक्षा नवऱ्याकडे जास्त बघत होत्या. उद्यापासून दुपार रिकामी, हे त्या दोघांनीही मनातल्या मनात मान्य करून टाकलं होतं.

एवढ्यात स्टुलाचा आवाज आला. जमिनीवरून स्टूल ओढल्याचा.

काटेवाले ताडकन उभे राहिले.

भिंगरी खिळ्याखाली स्टुलावर चढली होती. तिच्या हातात एक पांढरी घडी होती. मोठीनं घरी तिला लिहायला लावली असणार. आजोबा नाही तर निदान खिळा तरी शिकवेल, अशा आशेनं.

"आजोबा, इथे आधीच कुणाचीतरी आहे."

"हात नको लावू."

"कुणाची आहे?"

"तुझ्या मावशीची."

"मावशीला काय हवंय?"

मी चपलांकडे बघायला लागलो. त्या घरात धाकटीबद्दल बोललं जायचं ते असं: होती, करायची, म्हणायची. तिला काय हवंय, असं कुणी विचारलं नव्हतं.

"कधी लावली?" भिंगरीनं विचारलं.

"मंगळवारी," काटेवाले म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं तो दुसरा कुठला मंगळवार नव्हताच.

"मग आठ झाले?"

"सात."

भिंगरीनं बोटं उघडली. "मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार." सात बोटं झाली. आठवं तिनं आजोबांच्या नाकापुढे नाचवलं. "आणि आज मंगळवार आहे, आजोबा! आठ झाले की. तुला मोजता येत नाही का?"

 काटेवाले काकूंकडे बघत हळूच म्हणाले, "तूच सांग तिला."

"मी काय सांगू?"

"तिला काय हवं होतं ते. तू वाचलीयेस ना."

किसणी थांबली. "मी? मी कशाला वाचेन? तुम्ही वाचलीत."

"मी कशी वाचेन? नियम होता!"

"अहो, म्हणजे तुम्ही..." काकूंनी किसणी खाली ठेवली. "मला वाटायचं, तुम्ही वाचलीत आणि झेपण्यासारखं काही नव्हतं. म्हणून तुम्ही असे झालात. म्हणून मी कधी..."

"मला वाटायचं, तू वाचलीस. आणि अगदी साधंच काहीतरी होतं. मला सोसणार नाही म्हणून लपवतेस."

दाराची स्प्रिंग कण्हली. मोठी लवकर आली होती. मोठा तराजू झुकला, चिठ्ठी अर्धी वळली, आणि सवयीनं सगळे थांबले. मोठीनं शेवटचं वाक्य ऐकलं असावं. दारातच उभी राहून ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हा दोघांनाही माहीत आहे. फक्त मला सांगत नाही. तिला माझी शिट्टी हवी होती. मी एकदाही फुंकू दिली नाही."

मी बऱ्याच चुका करणारी बरीच घरं पाहिली आहेत. खर्चिक घरं, कंजूष घरं, भांडकुदळ घरं. पण तीन माणसांनी एकोणतीस वर्षं एका घडीच्या कागदाला घाबरून राहावं, आणि प्रत्येकानं समजावं की बाकीच्या दोघांनी तो वाचलाय, ही चूक फक्त याच घरात होऊ शकत होती. एवढी शिस्त दुसऱ्या कुणाकडे आहे?

"आई उघडेल," भिंगरीनं निकाल दिला. "आई तिची ताई आहे."

काटेवाल्यांनी टेबलावरचा चिमटा उचलला. खिळ्याजवळ गेले. चिठ्ठीला बोट न लावता, एखादं नाजूक वजन उचलावं तशी ती त्यांनी खिळ्यातून सोडवली. भोकाभोवती गंजाचं कडं पडलं होतं. मोठीच्या तळहातावर ठेवली. तिनं घडी उलगडली तेव्हा कागद मधून फाटला, आणि दोन तुकडे जुळवून धरावे लागले. पेन्सिलीची अक्षरं इतकी पुसट होती की काटेवाल्यांनी आपलं सोनारी भिंग तिच्या हातात दिलं. स्वतः बघितलं नाही.

मोठीनं वाचलं, "सगळ्यात छोटं वजन."

मग खालची ओळ वाचली.

"किंमत, बाबांना विचारायची."

 मला जाणवलं की बाजारातली एकेक वस्तू आपापल्या जागी परत जातेय. रंगपेट्या, लाकडी घोडा, छोटी छत्री, चप्पल, फुगा. एकोणतीस वर्षं हा माणूस जगातली सगळी दुकानं धुंडाळत होता. फक्त एक दुकान सोडून.

काटेवाले टेबलाशी गेले आणि त्यांनी लाकडी पेटी उघडली. आत मखमलीच्या खळग्यांत पितळी वजनं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं बसलेली. शेवटच्या खळग्यात एक ग्रॅमचं, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, वर इवलीशी मूठ. काटे तपासताना ते त्यांनी दिवसातून दहा वेळा चिमट्यानं उचललं होतं. आता बोटांनी उचललं. तळहातावर घेतलं आणि मूठ मिटली.

"किंमत विचारायची होती तिला," ते म्हणाले. "मी म्हटलं, काटा थांबू दे."

काकू उठल्या, मुळ्याचे हात पुसले, आत जाऊन डबा घेऊन आल्या. एकोणतीस वर्षांत तो पहिल्यांदा खाली आला. झाकण घट्ट बसलं होतं, ते काटेवाल्यांच्या पेचकसानं उघडावं लागलं. आतली नाणी आता कुठे चालत नाहीत.

"किती होती हो तेव्हा किंमत?" काकूंनी विचारलं.

त्यांनी सांगितली. मोठीनं डब्यातून तेवढी नाणी काढून टेबलावर ठेवली. तेवढं करून चार नाणी डब्यात उरली.

"सूट दिली असतीत का?" मोठीनं विचारलं. ती हसत होती की रडत होती हे मी बघितलं नाही.

"नाही." मग नाणी गोळा करत, "पण डबीत घालून दिलं असतं."

त्यांनी ती नाणी गल्ल्यात टाकली आणि गल्ला बंद केला. मग कापूस घातलेली एक छोटी डबी शोधली, वजन तिच्यात ठेवलं, आणि डबी धाकटीच्या डब्यात, उरलेल्या चार नाण्यांच्या शेजारी. विक्री झाली.

हे सगळं भिंगरीनं स्टुलावरून अतिशय रस घेऊन पाहिलं होतं.

"आजोबा, मला पण ते हवं."

मोठीनं बाबांकडे पाहिलं. मीही.

"ते विकलं गेलंय," काटेवाले म्हणाले.

"मग दुसरं आण."

"चिठ्ठी लिही. खिळ्यावर लाव."

या वेळी शब्द पूर्ण निघाले होते. काकूंनी पदर तोंडाला लावला. भिंगरीनं आपल्या हातातल्या पांढऱ्या घडीकडे पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं.

"ही तर लिहून झालीय. दुसरंच आहे यात. सांगू का आत्ताच?"

बाहेरून बस गेली. घर थरथरलं. डबा टेबलावर काकूंच्या हाताखाली होता, म्हणून वाजला नाही. पण काटेवाल्यांचं डोकं सवयीनं कपाटाकडे वळलंच. मग त्यांनी ते परत वळवलं. माझा काटा बाजूला सारला, तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले, म्हणजे ती स्टुलावर आणि हे तिच्या पायाशी.

"सांग."

"सांगितलं तर आणशील?"

"आणायचं आठव्या दिवशी. सांगायचं आत्ताच. विचारायचं असेल तेही आत्ताच."

आणि भिंगरीनं सांगायला सुरुवात केली. तिला एक पोपट हवा होता, पण खरा नाही, आणि खोटाही नाही. काटेवाल्यांनी विचारलं, रंग कुठला? ठेवणार कुठे? किंमत किती असेल? किंमत तिला माहीत नव्हती, तर दोघांनी मिळून अंदाज बांधला, आणि तो चुकीचा होता हे मला माहीत होतं, पण मी मध्ये पडलो नाही. पोपटाबद्दल बोलायला तिला पंचवीस मिनिटं लागली. त्यांनी तिला एकदाही मध्येच तोडलं नाही. शेवटी तिनं चिठ्ठी खिळ्यावर स्वतः लावली, त्या हिरव्या ठिपक्याच्या मधोमध. मोठी भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. बुधवारच्या पाळणाघराचा विषय तिनं काढला नाही, आणि कुणी तिला विचारलंही नाही.

माझा काटा घ्यायला मी दुसऱ्या आठवड्यात गेलो. दाराची स्प्रिंग कण्हली, तराजू झुकला, खिळ्यावरची चिठ्ठी अर्धी वळली. काटेवाले काहीतरी सांगता सांगता थांबले.

"आजोबा, वारा आहे तो," भिंगरी टेबलाखालून म्हणाली. "पुढे सांग."

ते जरा वेळानंच पुढे बोलले.

"काय झालं होतं माझ्या काट्याला?" मी विचारलं. "आत काही अडकलं होतं?"

"काही नाही अडकलं. तुम्ही त्याच्यावर वर्षानुवर्षं एक भांडं ठेवून दिलं होतंत ना? स्प्रिंगला त्याची सवय झाली. भांडं उचललं तरी तिला ते आहेसं वाटत राहतं." त्यांनी काटा माझ्याकडे सरकवला. "बराचसा खाली आणलाय. पाच ग्रॅम राहतील."

"ते जाणार नाहीत?"

"नाही. तेवढे वजा करून वाचत जा."

मी खिशातून हात काढला आणि पैसे विचारले. त्यांनी पूर्ण पैसे सांगितले.